धरणफुटीचा नकाशा आणि नळाचे पाणी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी अभियंत्यांचा वाटेल. धरण फुटल्यास पाणी कोठवर आणि किती वेळात पोहोचेल याचे गणित अभियंते मांडतात. पिण्याच्या पाण्याची शुद्धता हा पाणीपुरवठा आणि आरोग्य विभागांचा प्रांत मानला जातो. मग अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच आर्थिक वस्तुस्थिती आहे. नदीच्या वरच्या अंगाला एक जण निर्णय घेतो आणि त्याची किंमत खालच्या अंगाला राहणारा दुसराच कोणी मोजतो. अर्थशास्त्रात यालाच आपण बाह्य परिणाम म्हणतो.

आपल्याकडे धरणफुटीचा अभ्यास बहुधा किती गावे आणि किती घरे पाण्याखाली जातील, या हिशोबाशी थांबतो. तो पुढे पाणीपुरवठ्याच्या उपसा केंद्रापर्यंत आणि तेथून नळापर्यंत नेला पाहिजे. त्या अभ्यासातून निघालेल्या निष्कर्षावर कोणी, केव्हा आणि काय करावयाचे हेही आधीच ठरलेले असले पाहिजे. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

जोखमीचे गणित

प्रथम व्याप्ती पाहू. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार देशात ६,२८१ मोठी धरणे आहेत. त्यांपैकी ६,१३८ पूर्ण झालेली आणि १४३ बांधकामाधीन होती. शंभर वर्षांहून अधिक जुनी धरणे दोनशेहून अधिक आहेत. धरण जुने झाले म्हणजे ते धोकादायकच झाले, असे नाही. तथापि, जुन्या धरणांची रचना त्या काळी उपलब्ध असलेल्या पर्जन्यमानाच्या तुटपुंज्या आकडेवारीवर आधारलेली होती, हे लक्षात ठेवावे लागते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादे धरण एका वर्षात फुटण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे, असे समजा. त्या धरणाच्या अधिकाऱ्याला ही शक्यता नगण्य वाटेल आणि त्याच्या कार्यकाळापुरते ते खरेही असेल. परंतु अशी सहा हजार धरणे असतील, तर देशपातळीवर वर्षाला सरासरी ०.६ घटना, म्हणजे पाच वर्षांत सरासरी तीन घटना, अपेक्षित धराव्या लागतील. एका धरणापुरती दुर्मीळ भासणारी घटना देशाच्या दृष्टीने दुर्मीळ राहत नाही. म्हणूनच धरणसुरक्षा केवळ स्थानिक विवेकावर सोडता येत नाही, त्यासाठी राष्ट्रीय धोरण लागते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाचाही असाच गैरसमज होतो. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. पन्नास वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता मात्र सुमारे ४० टक्के होते. एक पूर येऊन गेला म्हणजे पुढची ९९ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मोरवीचा धडा

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण फुटले आणि सुमारे पाच किलोमीटर खाली असलेले मोरवी शहर पाण्याखाली गेले. या दुर्घटनेत हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. धरणाच्या सांडव्याची रचना सेकंदाला सुमारे ५,६६० घनमीटर विसर्गासाठी होती. प्रत्यक्षात आलेला पूर त्याच्या दुपटीहून अधिक होता. पाणी मातीच्या भरावांवरून वाहू लागले आणि दोन्ही बाजूंचे भराव वाहून गेले.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, रचनेसाठी गृहीत धरलेला पूर हाच सुरक्षिततेचा पाया असतो. आज भारतीय मानकानुसार ६० दशलक्ष घनमीटरहून अधिक साठा असलेल्या किंवा पाण्याची उंची ३० मीटरहून अधिक असलेल्या धरणांसाठी ‘महत्तम संभाव्य पूर’ विचारात घेतला जातो. दुसरी म्हणजे, पाच किलोमीटर अंतर कापायला लाटेला फार वेळ लागत नाही. अशा ठिकाणी पूर आल्यानंतर विचार करण्यास अवधीच नसतो. जे ठरवायचे ते आधीच ठरवावे लागते. धरणफुटीचे गणिती प्रतिमान, म्हणजेच मॉडेल, याचसाठी आवश्यक असते.

प्रतिमान कसे मांडतात?

धरणफुटीच्या प्रतिमानाविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. धरण केव्हा फुटेल, हे ते सांगत नाही. ‘फुटले तर काय होईल’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ते देते. त्याचे साधारणतः तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा भगदाडाचा. मातीचे धरण वरून पाणी गेल्याने किंवा आतून झिरपा वाढून हळूहळू कोरले जाते. त्याला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागू शकतो. काँक्रीटच्या कमानी धरणाच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ एकाएकी फुटते, असे गृहीत धरले जाते. भगदाडाची रुंदी आणि ते पडण्यास लागणारा वेळ यांवर बाहेर पडणाऱ्या विसर्गाचा उच्चांक अवलंबून असतो. अतिवृष्टीतील फूट आणि कोरड्या दिवशीची फूट अशा दोन्ही परिस्थितींचा विचार करावा लागतो, कारण पाऊस नसताना लोक बेसावध असतात.

दुसरा टप्पा लाटेच्या प्रवासाचा. फ्रेंच शास्त्रज्ञ सॅं-व्हेनां यांनी १८७१ मध्ये मांडलेली समीकरणे आजही त्यासाठी वापरली जातात. नदीचे आडवे छेद, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा ही माहिती पुरवली की, प्रत्येक ठिकाणची पातळी आणि वेग काढता येतो. अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागाने विकसित केलेली ‘हेक-रास’ ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून आपल्याकडेही ती वापरली जाते.

तिसरा टप्पा नकाशाचा. कोणत्या ठिकाणी किती खोल पाणी येईल, किती वेगाने येईल आणि किती वेळाने येईल, हे नकाशावर दाखवले जाते. समजा, लाटेचा सरासरी वेग सेकंदाला पाच मीटर आहे. धरणापासून ५० किलोमीटरवरील शहरात ती १०,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे पावणेतीन तासांत पोहोचेल. हे पावणेतीन तास हीच प्रतिमानाने समाजाला दिलेली संपत्ती होय. मात्र पात्राची मोजणी जुनी असेल, गाळाने जलाशयाची क्षमता बदलली असेल किंवा पूरक्षेत्रात नवी वस्ती झाली असेल, तर नकाशा सुबक दिसूनही फसवा ठरतो.

नकाशात न दिसणारे नुकसान

आता या नकाशावर शहराचे उपसा केंद्र शोधा. ते बहुधा नदीकाठीच, म्हणजे लाटेच्या थेट मार्गात असते. त्याचे पंप बुडाले, तर शहराचा जो भाग कोरडा राहिला त्याचेही पाणी बंद होते. धरण हाच शहराचा जलस्रोत असेल, तर अवस्था याहून बिकट होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुणे शहरावर महापुराबरोबर पाणीटंचाईचेही संकट आले. खडकवासला हाच शहराच्या पाण्याचा मुख्य आधार होता.

पंप वाचले तरी प्रश्न संपत नाही. पुराचे पाणी मैला, मृत जनावरे, रसायने आणि गाळ घेऊन येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आय. एस. १०५०० नुसार, गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा एक एकक आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास पाच एककांपर्यंत सवलत आहे. गढूळपणा वाढला की, जंतू मातीच्या कणांच्या आडोशाने राहतात आणि क्लोरीनचा प्रभाव घटतो. नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असते आणि रसायनांचा पुरवठा खंडित झालेला असतो.

दूषितीकरणाचेही प्रतिमान मांडता येते. त्याचे मूलतत्त्व साधे आहे. एखाद्या नाल्यातून सेकंदाला पाच घनमीटर सांडपाणी येते आणि त्याची जैवरासायनिक प्राणवायूची गरज लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, असे समजा. नदीत सेकंदाला ९५ घनमीटर पाणी वाहत असून तिची ही गरज दोन मिलिग्रॅम आहे. मिसळल्यानंतरचे प्रमाण सुमारे ६.९ येईल. नदीचा प्रवाह १५ घनमीटरवर आला, तर तेच प्रमाण २६.५ होईल. शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरावयाच्या स्रोतासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा तीन मिलिग्रॅम आहे. नाला तोच, सांडपाणीही तेवढेच. बदलला तो नदीचा प्रवाह, आणि त्या प्रवाहाचे नियंत्रण धरणाच्या दरवाजांवर असते. म्हणून धरणाचे परिचालन आणि पाण्याची गुणवत्ता यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

दिल्ली, १९५५

हे केवळ गणित नाही. १९५५ च्या पुरानंतर दिल्लीजवळ यमुनेच्या प्रवाहाने दिशा बदलली. नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलट्या दिशेने वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. काही दिवसांनी ते दूर करण्यात आले. या काळात क्लोरीनचे प्रमाण वाढवण्यात आले होते, त्यामुळे जिवाणूजन्य रोगांची मोठी साथ पसरली नाही. विषाणू मात्र त्यातून निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण आढळले. हा विषाणू आज ‘हिपॅटायटिस ई’ या नावाने ओळखला जातो, हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले.

या घटनेत धरण फुटले नव्हते, परंतु पूर, प्रवाहातील बदल आणि उपसा केंद्राची जागा यांचा संबंध तिच्याइतका स्पष्टपणे क्वचितच दिसतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातील काळाचे अंतर महत्त्वाचे आहे. दूषितीकरण नोव्हेंबरात झाले आणि रुग्ण डिसेंबर-जानेवारीत दिसले. चूक पाण्याच्या खात्यात झाली, तर खर्च रुग्णालयांच्या आणि कुटुंबांच्या खात्यावर पडला. बुडालेली मजुरी कोणत्याही विभागाच्या हिशोबात येत नाही. जे नुकसान हिशोबात येत नाही, ते टाळण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

पाण्याऐवजी राख अडवणारे बंधारे

धरण म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर पाण्याचा साठा येतो. परंतु औष्णिक वीज केंद्रांची राख पाण्यात मिसळून साठवण्यासाठीही मोठे बंधारे घातले जातात. मध्य प्रदेशातील सिंगरौली परिसरात ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या नऊ महिन्यांत असे तीन बंधारे फुटले. एप्रिलमधील दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०१९ मधील फुटीत राखमिश्रित चिखल रिहंद जलाशयाकडे, म्हणजे गोविंद वल्लभ पंत सागराकडे वाहून गेला. हा जलाशय परिसरातील रहिवाशांच्या पिण्याच्या पाण्याचा महत्त्वाचा स्रोत आहे.

राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांसारख्या विषारी मूलद्रव्यांचे अंश असू शकतात. पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून ते नाहीसे होत नाहीत. पूर ओसरतो, तर असे अंश तळाच्या गाळात साचून राहतात. म्हणजे येथे एकाच घटनेत बंधाऱ्याची फूट आणि पिण्याच्या पाण्याचे दूषितीकरण या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

कायदा कोठवर आला आहे?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी हा राज्यसूचीतील १७ व्या नोंदीचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीतील ५६ व्या नोंदीत येते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ५६ आणि ९७ या नोंदींच्या आधारे करण्यात आला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय धरण सुरक्षा समिती व राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण यांची, तसेच राज्यपातळीवरील समिती व संघटना यांची तरतूद झाली. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक झाली. अस्तित्वातील प्रत्येक निर्दिष्ट धरणासाठी पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याची जबाबदारी धरणमालकावर टाकण्यात आली. म्हणजे ही मुदत डिसेंबर २०२६ अखेरची आहे.

या तरतुदीचे महत्त्व मागील स्थितीवरून कळते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार, मार्च २०१६ पर्यंत ४,८६२ मोठ्या धरणांपैकी केवळ ३४९ धरणांचे, म्हणजे सात टक्क्यांचे, असे आराखडे तयार होते. धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सात राज्यांतील २२३ धरणे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये पुढील दोन टप्प्यांना मंजुरी मिळाली. त्यांत ७३६ धरणे असून अंदाजित खर्च १०,२११ कोटी रुपये आहे.

तरीही दोन उणिवा उरतात. अधिनियमातील धरणाची व्याख्या नदी व उपनद्यांवर पाणी अडवण्यासाठी अथवा वळवण्यासाठी बांधलेल्या अडथळ्याची आहे. राखेचे बंधारे त्या व्याख्येत बसत नाहीत. दुसरी उणीव जबाबदारीच्या विभागणीची. धरण बहुधा जलसंपदा विभागाचे, प्रदूषण हे १९७४ च्या जल अधिनियमाखालील मंडळांचे, आपत्ती ही २००५ च्या अधिनियमाखालील जिल्हा प्राधिकरणाची, तर पाणीपुरवठा हा अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीनुसार पंचायतींचा व नगरपालिकांचा विषय. नदी एकच असली, तरी तिच्यावर जबाबदार असलेल्या यंत्रणा चार आहेत आणि सर्वांत खालच्या यंत्रणेकडे सर्वांत कमी माहिती व सर्वांत कमी पैसा आहे.

माहिती असणे आणि कृती होणे

केवळ प्रतिमान तयार असल्याने संरक्षण मिळत नाही. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक या हिमनदी सरोवराच्या संभाव्य फुटीविषयीचे शास्त्रीय अभ्यास २०१३ आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपर्यंत त्या सरोवराच्या फुटीने चुंगथांग येथील १,२०० मेगावॅट क्षमतेच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे ६० मीटर उंचीचे धरण वाहून नेले. खालच्या गावांत पूल आणि रस्ते यांच्याबरोबर पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्याही उद्ध्वस्त झाल्या.

माहिती असूनही कृती का होत नाही? अर्थशास्त्राचे उत्तर प्रोत्साहनांच्या रचनेत सापडते. नव्या धरणाचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. देखभालीचा खर्च महसुली असतो आणि काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावरच चालते. टळलेली दुर्घटना कोणालाही दिसत नाही, म्हणून तिचे श्रेयही कोणाला मिळत नाही. शिवाय जलाशय भरलेला ठेवणे हे शेती, वीज आणि शहर या सर्वांच्या हिताचे असते. तो थोडा रिकामा ठेवण्याचा लाभ मात्र खालच्या अंगाच्या, बहुधा गरीब, वस्तीला होतो. या वस्तीचा आवाज परिचालनाच्या निर्णयात पोहोचावा, ही बाजारपेठ करू शकणारी गोष्ट नाही. ते काम शासनाचेच आहे.

काय करता येईल?

पहिले, प्रत्येक आपत्कालीन कृती आराखड्यात खालच्या अंगाची सर्व उपसा केंद्रे, शुद्धीकरण केंद्रे, मैलापाणी केंद्रे आणि रसायनांचे साठे यांची लाट पोहोचण्याच्या वेळेसह नोंद असावी.

दुसरे, त्या वेळेत करावयाच्या कृती ठरलेल्या असाव्यात. उपशाचे दरवाजे बंद करणे, शहरातील साठवण टाक्या भरून घेणे, विजेचा पुरवठा तोडून पंप वाचवणे आणि टँकरची व्यवस्था करणे या कामांसाठी पदनिहाय जबाबदारी निश्चित करावी. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तिची रंगीत तालीम व्हावी.

तिसरे, शहरासाठी उंचावरील एखादा पर्यायी स्रोत राखून ठेवावा. जुन्या विहिरी बुजवण्यापूर्वी हा विचार झाला पाहिजे.

चौथे, राखेचे व खाणीतील गाळाचे बंधारे यांनाही धरणांप्रमाणेच तपासणी आणि आराखड्याची सक्ती असावी. त्यांच्या मालकांकडून आगाऊ हमी रक्कम घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणात ‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आहे. भरपाईची रक्कम दुर्घटनेपूर्वीच बाजूला काढली, तर बंधारा बळकट ठेवणे हेच मालकाला स्वस्त पडेल.

पाचवे, पूरक्षेत्राचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर स्थानिक भाषेत लावला पाहिजे. कचेरीतील कपाटात ठेवलेला नकाशा कोणाचाही जीव वाचवत नाही.

मित्रहो, जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे १७ टक्के घरांत नळाचे पाणी होते. त्यानंतर कोट्यवधी घरांत नळ पोहोचले, ही मोठी उपलब्धी आहे. मात्र प्रत्येक नव्या नळाबरोबर एक कुटुंब विहिरीवरून दूरच्या स्रोतावर अवलंबून होते. स्रोत सुरक्षित असेल तर ते सुखी होते. स्रोत बिघडला, तर एकाच वेळी शेकडो कुटुंबांना त्याची झळ बसते. नळ देणाऱ्या व्यवस्थेवर म्हणूनच त्या नळामागचा जलाशय, त्याची भिंत आणि त्याचे पाणलोट क्षेत्र सांभाळण्याचेही उत्तरदायित्व येते.

आपल्यापैकी काही जण उद्या एखाद्या जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. पदभार घेतल्यावर आपल्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला कोणती धरणे आणि कोणते बंधारे आहेत, त्यांचे आराखडे तयार आहेत काय आणि त्यांत पाणीपुरवठा केंद्रांची नोंद आहे काय, एवढे तीन प्रश्न पहिल्याच आठवड्यात अवश्य विचारावेत. उत्तर नकारार्थी आले, तर पुढील पावसाळ्यापूर्वी ते होकारार्थी करणे हे आपले काम असेल.